इंद्रधनुष्य उसवल्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलंय: "वर्गात प्रिझममधून ऊन भिंतीवर पाडलं की मुलं हरखून जातात. मग कीट्सने न्यूटनवर इंद्रधनुष्यातलं काव्य संपवल्याचा आरोप का केला? रोमँटिक कवी विज्ञानाच्या विरोधात होते का? आणि तसं असेल तर ते धर्माच्या बाजूचे होते का?"

मी एकतीस वर्षं इंग्रजी कविता शिकवली. त्यातली पहिली काही वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं देत होते, म्हणून आता जरा सविस्तर लिहिते. (रोमँटिक कवी म्हणजे १८०० च्या आसपासचे इंग्रज कवी: ब्लेक, वर्ड्सवर्थ, कोलरिज, शेली, कीट्स.)

आरोप झाला होता हे खरं. कुठे, कधी आणि कोणासमोर, तेही माहीत आहे. २८ डिसेंबर १८१७, रविवार. लंडनच्या लिसन ग्रोव्ह भागात बेंजामिन हेडन या चित्रकाराच्या घरी जेवण होतं. टेबल त्याच्या चित्रशाळेतच मांडलेलं, आणि मागे त्याचं अवाढव्य, अपुरं चित्र उभं: येशूचा जेरुसलेममधला प्रवेश. येशूभोवतीच्या गर्दीत हेडनने आपल्या काळातले चेहरेही रंगवले होते. मान झुकवलेला वर्ड्सवर्थ त्यात आहे, कीट्सही आहे. आणि दोन चेहरे पूर्वीच्या माणसांचे: न्यूटन आणि फ्रेंच लेखक व्हॉल्टेअर. त्या रात्री वर्ड्सवर्थ आणि कीट्स दोघंही जेवायला होते. एक सत्तेचाळीस वर्षांचा, मान्यता पावलेला. दुसरा बावीस वर्षांचा. निबंधकार चार्ल्स लँबही होता. लँबला दारू चढली आणि त्याने हेडनला धारेवर धरलं: चित्रात न्यूटनचं डोकं का घातलंस? त्रिकोणाच्या तीन बाजूंइतकी स्पष्ट नसलेली कुठलीच गोष्ट न मानणारा माणूस तो! मग लँब आणि कीट्स दोघांचं एकमत झालं, की न्यूटनने इंद्रधनुष्याचे प्रिझममधले रंग करून त्याचं सारं काव्य घालवलं. शेवटी सगळ्यांनी न्यूटनच्या आरोग्यासाठी आणि गणिताची फजिती व्हावी म्हणून पेले उचलले. हे सगळं हेडनने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

ही हकिगत पुस्तकांतून इतक्यांदा येते, की तिच्यातल्या दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली म्हणजे हेडनच्या चित्रात न्यूटन श्रद्धावंतांच्या बाजूला उभा आहे. हेडन कट्टर ख्रिस्ती. त्याने व्हॉल्टेअर रंगवला तो उपहास करणारा, आणि न्यूटन रंगवला तो विश्वास ठेवणारा. त्यात काही चूकही नव्हती. न्यूटनने बायबलमधली भाकितं, चर्चचा इतिहास, देवाचं स्वरूप यांवर अक्षरशः हजारो पानं लिहिली. त्याची मतं मात्र रूढ चर्चला न पटणारी होती, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, ही त्रैक्याची कल्पना त्याला मान्य नव्हती, म्हणून त्यातलं बरंचसं त्याने स्वतःपाशीच ठेवलं. काहीच न मानणारा माणूस, हे लँबचं वर्णन त्या न्यूटनला लागू पडत नाही. त्या टेबलावर ज्याच्यावर काव्य मारल्याचा आरोप झाला, तो त्यांच्यातल्या निम्म्यांपेक्षा जास्त धार्मिक होता.

दुसरी गोष्ट वर्ड्सवर्थची. १८४२ साली हेडनने त्यालाच लिहिलेल्या पत्रात त्या रात्रीची आठवण काढली आहे: कीट्सने न्यूटनविरुद्ध पेला उचलायला सांगितला तेव्हा तुम्ही आधी कारण विचारलंत, कारण कळल्याशिवाय प्यायला तयार नव्हतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वर्ड्सवर्थ केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात शिकला. शेजारीच ट्रिनिटी कॉलेज, आणि तिथल्या प्रार्थनागृहाच्या दालनात न्यूटनचा संगमरवरी पुतळा, हातात प्रिझम घेतलेला. आपल्या दीर्घ आत्मचरित्रात्मक काव्यात तो उशीवरून दिसणाऱ्या त्या प्रार्थनागृहाची आठवण सांगतो. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध ओळी त्याने पुढे वय वाढल्यावर, पुन्हा हात फिरवताना घातल्या. त्यांत तो म्हणतो, हा पुतळा म्हणजे विचारांच्या अनोळखी समुद्रांवरून एकट्याने अखंड प्रवास करणाऱ्या मनाची खूण आहे. न्यूटनबद्दल यापेक्षा सुंदर कोणी काही लिहिल्याचं मला ठाऊक नाही. चिरफाड करून आपण वस्तूचा जीव घेतो, असं तरुणपणी लिहिणाराही हाच वर्ड्सवर्थ. आणि १८०२ मध्ये 'लिरिकल बॅलड्स' या संग्रहाच्या आपल्या प्रस्तावनेत भर घालताना, रसायनशास्त्रज्ञाचे, वनस्पतिशास्त्रज्ञाचे, खनिजशास्त्रज्ञाचे दूरातले दूर शोध एक दिवस कवितेचे विषय होतील आणि कवी शास्त्रज्ञाच्या पावलामागून जायला तयार असेल, असं लिहिणाराही तोच. त्या संग्रहाच्या १८०० च्या आवृत्तीची मुद्रितं तपासायला मदत कोणी केली? रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने.

आता खुद्द कीट्सकडे वळू, कारण तुमचा प्रश्न त्याच्यावर आहे.

जेवणाच्या टेबलावर म्हटलेलं वाक्य पुढे दीड-दोन वर्षांनी 'लेमिया' या कथाकाव्यात आलं. गोष्ट अशी. लेमिया ही सर्पीण. हर्मिस देवाकडून ती स्त्रीचं रूप मिळवते आणि कॉरिंथच्या लिसिअस नावाच्या तरुणाला मोहात पाडते. लग्न ठरतं. लिसिअसचे गुरू अपोलोनिअस, नावाजलेले तत्त्वज्ञ, बोलावलेलं नसताना लग्नघरी येतात आणि वधूवर नजर रोखतात. ती पांढरी पडत जाते. ते म्हणतात, ही सर्पीण आहे. ती किंकाळी फोडून नाहीशी होते, आणि त्याच रात्री लिसिअस मरतो. हे घडायच्या जरा आधी कवी मध्येच थांबून म्हणतो: थंड तत्त्वज्ञानाचा नुसता स्पर्श झाला की सगळी मोहिनी उडून जात नाही का? आकाशात एके काळी धाक वाटावा असं इंद्रधनुष्य होतं. आता त्याची वीण आणि पोत आपल्याला कळलाय, ते नेहमीच्या वस्तूंच्या कंटाळवाण्या यादीत जमा झालं आहे. तत्त्वज्ञान देवदूताचे पंख छाटेल, आणि इंद्रधनुष्य उसवून टाकेल.

(त्या काळच्या इंग्रजीत 'फिलॉसफी' या शब्दात आजचं सायन्स मावत असे. 'सायंटिस्ट' हा शब्दच पुढचा, १८३३ च्या केंब्रिजच्या एका परिषदेतला. तिथे वृद्ध कोलरिजने प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना 'फिलॉसफर' म्हणायला हरकत घेतली, आणि विल्यम ह्यूएलने 'आर्टिस्ट'च्या धर्तीवर हा नवा शब्द सुचवला.)

पहिली काही वर्षं मी या ओळी फळ्यावर लिहायची, खाली 'रोमँटिक कवींचा विज्ञानविरोध' असं शीर्षक द्यायची, आणि मुलं उतरवून घ्यायची. परीक्षेत तेच यायचं. मग एका वर्षी एम.ए.च्या वर्गात एक विद्यार्थिनी आली, आधी नर्सिंग करून आलेली. कवितेच्या शेवटच्या तीन ओळी मी वाचल्या: लिसिअस उंच मंचकावर पडलाय, मित्र भोवती जमतात, त्याला धरतात, नाडी नाही, श्वास नाही, आणि लग्नाच्याच वस्त्रात ते जड शरीर गुंडाळलं जातं. ती म्हणाली, "मॅडम, हे डेथ डिक्लेअर करणं आहे. आधी नाडी बघतात, मग श्वास. आणि 'जड' हा शब्द ज्याने मेलेलं माणूस उचललंय त्यालाच सुचतो."

मी घरी जाऊन सगळी कविता त्या कानाने पुन्हा वाचली. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. कीट्स किशोरवयातच एका औषधी-शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागला होता. ऑक्टोबर १८१५ मध्ये तो लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये दाखल झाला, १८१६ मध्ये तिथे ड्रेसर झाला, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी हाताशी उभं राहणं आणि जखमा बांधणं हे त्याचं काम. भूल देण्याचं औषध अजून तीस वर्षं दूर होतं. त्याच वर्षी जुलैत तो औषधव्यवसायाच्या परवान्याची परीक्षा पास झाला. शरीररचनेच्या व्याख्यानांची त्याची वही आजही जपून ठेवलेली आहे. लेमियाचं सर्पिणीतून बाईत रूपांतर होतं ते वाचा: तोंडाला फेस, लालभडक वेदनेचे झटके. परीकथेत रूपांतर असं होत नाही, वॉर्डात होतं. लिसिअस तिचा हात धरतो तेव्हा तो आधी बर्फासारखा गार असतो, मग एकदम ताप चढल्यासारखा गरम होतो आणि ती आग त्याच्या काळजापर्यंत जाते. शेवटी येते ती नाडी.

पुढची गोष्ट मला त्याहून नंतर दिसली. इंद्रधनुष्य उसवण्याच्या ओळी दुसऱ्या भागात येतात, पण कवितेत इंद्रधनुष्य आधीच एकदा येऊन गेलेलं असतं. पहिल्या भागात, सर्पिणीच्या अंगावर. सिंदुरी ठिपके, सोनेरी, हिरवा, निळा, झेब्र्यासारखे पट्टे, मोरासारखे डोळे, आणि तिला कीट्स इंद्रधनुषी कुशीची म्हणतो. बाई होताना हे सगळे रंग एकेक करून जळून जातात, मागे फक्त वेदना आणि कुरूपता उरते. म्हणजे इंद्रधनुष्य पहिल्यांदा नष्ट होतं ते गुरुजींच्या नजरेमुळे नव्हे, तिच्याच इच्छेमुळे, माणसाचं प्रेम मिळावं म्हणून. आणि अपोलोनिअस म्हणतात ते खोटं कुठे आहे? ती सर्पीणच आहे. कीट्सने गोष्ट अशी रचली की ज्ञान बरोबर असावं, आणि तरी माणूस मरावा. अपोलोनिअस चुकीचे असते तर कविता सोपी झाली असती, तक्रार करून मोकळी.

हे कळल्यापासून फळ्यावरचं ते शीर्षक मी कायमचं पुसलं. माझं आजचं मत असं आहे की या कवींची उत्तम कविता ज्ञानाच्या आधी उभी राहत नाही, ती ज्ञानानंतर सुरू होते. कळलं, खरं आहे, आता या कळण्याचं करायचं काय, हा तिचा प्रश्न.

ज्ञानाचा आनंदही कीट्सला कमी नव्हता. शाळेत असताना त्याला खगोलशास्त्राचं एक पुस्तक बक्षीस मिळालं होतं. ऑक्टोबर १८१६ मध्ये होमरचं जुनं इंग्रजी भाषांतर रात्रभर वाचून त्याने सुनीत लिहिलं, तेव्हा आपल्या आनंदाला उपमा दिली ती आकाश न्याहाळणाऱ्या माणसाची, ज्याच्या दृष्टीत एक नवा ग्रह तरंगत येतो. तो नवा ग्रह म्हणजे युरेनस. १३ मार्च १७८१ च्या रात्री बाथ गावात, घरामागच्या बागेत, स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून विल्यम हर्शेल या वादकाला तो दिसला होता. चिडला तो 'कंटाळवाण्या यादी'वर. वस्तूला नाव देऊन खाली रेघ मारायची आणि पुढे जायचं, या सवयीवर. ती सवय विज्ञानाची असते तशी धर्माचीही असते.

कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कीट्सच्या बाबतीत 'नाही' असं आहे. देवदूताचे पंख म्हटलं म्हणून तो चर्चचा कैवारी ठरत नाही. १८१६ च्या डिसेंबरात चर्चच्या घंटांवर त्याने संतापून एक सुनीत लिहिलंय. १८१९ मध्ये भाऊ-भावजयीला लिहिलेल्या पत्रात, जगाला अश्रूंची दरी म्हणण्यापेक्षा आत्मे घडवण्याची दरी म्हणा, असं तो सांगतो. ती त्याची श्रद्धा, स्वतः शोधलेली, कोणाची उसनी न घेतलेली. तिच्या आधी काही महिन्यांपूर्वी त्याने धाकट्या भावाची, टॉमची, क्षयात शेवटपर्यंत शुश्रूषा केली होती.

आणि मग ३ फेब्रुवारी १८२०. रात्री गार हवेत बग्गीच्या टपावर बसून तो घरी आला, अंथरुणावर पडताना खोकला आला, उशीवर रक्ताचा थेंब पडला. त्याने मेणबत्ती मागितली, थेंब नीट पाहिला आणि मित्राला सांगितलं: हा रंग मला माहीत आहे, हे धमनीचं रक्त आहे, हा थेंब म्हणजे माझ्या मृत्यूचं फर्मान. गाइज हॉस्पिटलमध्ये शिकलेला माणूसच हे असं वाचू शकतो. 'लेमिया' असलेला त्याचा शेवटचा संग्रह त्यानंतर जुलैत आला. पुढच्या फेब्रुवारीत तो रोममध्ये गेला, पंचविसाव्या वर्षी. या माणसाला ज्ञानाची भीती वाटत होती असं कोणी म्हटलं की मला त्या मेणबत्तीची आठवण होते.

सगळेच कवी असे दोन्हीकडे पाहणारे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. विल्यम ब्लेकचा विरोध खरा आणि मुळापासूनचा होता. १८०२ च्या एका पत्रातल्या कवितेत तो एकेरी दृष्टीपासून आणि न्यूटनच्या झोपेपासून देवाने आपल्याला वाचवावं अशी प्रार्थना करतो. ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटसचे अणू आणि न्यूटनचे प्रकाशकण त्याला तांबड्या समुद्राच्या काठची वाळू वाटते, जिच्यावर इस्राएलचे तंबू झळकतात. तो मला आवडतो, पण तुमच्या प्रश्नाला तो फार मदत करत नाही. त्याचं ठरलेलं होतं.

शेलीचंही एका बाजूने ठरलेलं होतं. नास्तिकतेची आवश्यकता सांगणाऱ्या पत्रकावरून मार्च १८११ मध्ये ऑक्सफर्डने त्याला काढून टाकलं. तिथल्या त्याच्या खोलीत पुस्तकांबरोबर विद्युतयंत्र, हवेचा पंप, आम्लांच्या बाटल्या असायच्या. त्याची ढगावरची कविता, जिच्यात ढगच बोलतो, ती जलचक्राचं इतकं चोख वर्णन आहे की तुम्ही ती वर्गात वापरू शकाल: मी पृथ्वी आणि पाण्याची लेक, मी बदलते पण मरत नाही. कीट्स गेल्यावर १८२१ मध्ये शेलीने शोककाव्य लिहिलं. त्याच्या शेवटाकडे तो म्हणतो, जीवन म्हणजे अनेकरंगी काचेचा घुमट, अनंताच्या शुभ्र तेजावर डाग पाडणारा. तुम्ही म्हणाल, रंगीत काच प्रकाश गाळते, प्रिझमसारखा फोडत नाही. खरंय. पण पांढऱ्यात सगळे रंग आधीपासून असतात हे न्यूटनने दाखवलं नसतं, तर ही प्रतिमा उभी राहिली असती असं मला वाटत नाही. इंद्रधनुष्य उसवल्याबद्दल न्यूटनला दोष देणाऱ्या कवीच्या मृत्यूवर, एका नास्तिकाने, न्यूटनच्याच प्रकाशाने अनंताची कल्पना केली. ही ओळ शिकवताना दरवेळी माझा आवाज कापायचा.

कोलरिजवर मात्र मला थांबायचंय. हे तिन्ही धागे, विज्ञान, श्रद्धा आणि नवल, त्याच्यात एकमेकांत सर्वांत जास्त गुंतलेत.

तो ऑटरी सेंट मेरी गावच्या धर्मगुरूचा मुलगा. आठ वर्षांचा असताना एका हिवाळी रात्री वडिलांबरोबर चालत घरी येत होता. वडिलांनी ताऱ्यांची नावं सांगितली, गुरू आपल्या पृथ्वीपेक्षा हजारपट मोठा आहे हे सांगितलं, आणि ते लुकलुकणारे बाकीचे तारे म्हणजे सूर्य, त्यांच्याभोवतीही जगं फिरतात, असं सांगितलं. पुढे १७९७ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, मी खोल आनंदाने ऐकलं, पण अविश्वास जराही वाटला नाही, कारण परीकथा वाचून वाचून माझं मन अफाटाला सरावलेलं होतं. धर्मगुरू खगोलशास्त्र शिकवतोय, आणि मुलाला ते पटतंय ते परीकथांमुळे. मोठेपणी याच माणसाने एका पत्रात लिहिलं की पाचशे न्यूटनांचे आत्मे एकत्र केले तर एक शेक्सपिअर होईल. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हीची रसायनशास्त्राची व्याख्यानं ऐकायला जाऊन बसत होता, वहीत टिपणं घेत. का जातोस, तर रूपकांचा साठा वाढवायला, असं उत्तर त्याने दिल्याचं सांगतात.

१७९९ मध्ये जर्मनीत शिकत असताना तो हार्झ पर्वतातल्या ब्रॉकेन शिखरावर दोनदा चढला. तिथे पहाटे किंवा संध्याकाळी, सूर्य पाठीशी आणि समोर धुकं असताना, आपलीच सावली धुक्यावर प्रचंड होऊन पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वलयं दिसतात. कोलरिजला दोन्ही वेळा काही दिसलं नाही. पण ते डोक्यातून गेलंही नाही. १८२८ मध्ये छापलेल्या एका कवितेत तो लाडक्या कल्पनेला, मनात वर्षानुवर्षं धरलेल्या प्रिय मूर्तीला विचारतो: तू कोणीच नाहीस का? आणि उत्तर देतो: हिवाळ्याच्या पहाटे मेंढरांच्या वाटेने जाणाऱ्या लाकूडतोड्याला समोर, पाय न उचलता सरकणारी, डोक्याभोवती तेजोवलय असलेली आकृती दिसते, तशी तू आहेस. भोळा माणूस तिच्या रंगांची पूजा करतो, आणि ज्या सावलीच्या मागे तो लागलाय ती त्याचीच आहे हे त्याला ठाऊक नसतं.

आपल्याकडे याला इंद्रवज्र म्हणतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ते दिसतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी सूर्य पाठीशी हवा आणि दरीत धुकं हवं. आम्ही सहा जण गेलो होतो, सप्टेंबर संपत आलेला. दोन दिवस नुसतं पांढरं धुकं. तिसऱ्या दिवशी साडेसातच्या सुमारास ऊन पडलं आणि खाली धुक्यावर गोल वलय उमटलं, संपूर्ण वर्तुळ, आणि मधोमध माझं डोकं. मी ओरडले, "माझ्याभोवती आहे!" शेजारी उभा असलेला भौतिकशास्त्राचा सहकारी म्हणाला, "नाही, माझ्याभोवती आहे." सहाही जण तेच म्हणत होते, आणि सहाही जणांचं खरं होतं. तुम्हाला कारण सांगायला नको: सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती ते वलय असतं, आणि तो बिंदू ज्याच्या त्याच्या डोळ्यांच्या सावलीत असतो. ढगातल्या अतिसूक्ष्म थेंबांतून प्रकाश मागे वळतो, लहरींचं विवर्तन होतं, रंग पसरतात. सहकाऱ्याने तिथेच हे समजावलं. मी ऐकत होते आणि नकळत माझे हात जोडले गेले. खाली धुक्यातल्या सावलीनेही हात जोडले. त्या क्षणी कोलरिजची ती कविता मला पहिल्यांदा कळली, तीसेक वर्षं ती वाचल्यानंतर. लाकूडतोड्याला ठाऊक नाही, पण कवीला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही मूर्ती सुटत नाही. कारण माहीत नसतं तर त्या ओळीतलं दुःख उभंच राहिलं नसतं.

आता वर्गात काय करावं, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण सांगावंसं वाटतं. प्रिझम दाखवा, आणि मग श्रावणात दुपार कलल्यावर मुलांना मैदानावर न्या. भर दुपारी नेऊ नका, सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असला की सपाट जमिनीवरून धनुष्य दिसत नाही, हे त्यांना आधी गणिताने काढू द्या. दोन मुलं शेजारी उभी असली तरी प्रत्येकाचं धनुष्य वेगळ्या थेंबांचं असतं, हेही सांगा. आणि बालकवींची श्रावणाची कविता सगळ्यांना पाठ असते, तिच्यातली ओळ म्हणून घ्या: "इंद्रधनूचा गोफ दुहेरी विणलासे." दुहेरी. मुख्य धनुष्याच्या वर दुसरं, फिकट, उलट्या क्रमाच्या रंगांचं, ते पाहिलेल्या माणसाची ही ओळ असावी असं मी मानते. कीट्सने इंद्रधनुष्याला विणकामाचा शब्द वापरला, बालकवींनीही वापरला, पण आपला शब्द गोफ आहे. गोव्यात शिगम्याला गोफ नाचतात. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्या हातात घेऊन नाचणारे त्यांची वेणी घालत जातात, आणि ती पूर्ण झाली की उलट्या पावलांनी नाचत ती सोडवतात. सोडवणंही त्याच तालावर, त्याच गाण्यावर चालतं, आणि बघणारे तेव्हाही जागचे हलत नाहीत. 'लेमिया' शिकवताना मी कीट्सच्या 'उसवण्या'शेजारी हा गोफ ठेवायची.

शेवटी एका डोंगराबद्दल. २ ऑगस्ट १८१८ रोजी कीट्स स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावर चढला. वर गच्च धुकं. तिथे त्याने सुनीत लिहिलं: खाली दरीत पाहतो तर धुकं, नरकाबद्दल माणसाला तेवढंच ठाऊक, वर पाहतो तर धुकं, स्वर्गाबद्दल माणूस तेवढंच सांगू शकतो, पायाखालचे खडबडीत दगड तेवढे दिसतात, आणि विचारांच्या जगातही असंच आहे.

त्याच शिखरावर पुढे हवामानाची वेधशाळा झाली. १८९४ च्या सप्टेंबरात चार्ल्स विल्सन नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ तिथे दोन आठवडे राहिला. त्याने धुक्यावर पडलेल्या सावलीभोवती तीच रंगीत वलयं पाहिली, आपलं इंद्रवज्र. ती इतकी मनात भरली की केंब्रिजला परतल्यावर प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात तसं धुकं तयार करायचा त्याने ध्यास घेतला. त्या भांड्याचं पुढे मेघकोष्ठ झालं, ज्याच्यात अणूहून लहान कणांच्या वाटा थेंबांच्या रेषांनी डोळ्यांना दिसू लागल्या. १९२७ साली त्यासाठी त्याला नोबेल मिळालं, आणि नोबेलच्या व्याख्यानात त्याने सुरुवात त्या डोंगरावरच्या वलयांपासून केली.

मेघकोष्ठ तुमच्या अभ्यासक्रमात कुठेतरी येत असेल. त्या तासाला कीट्सचं ते सुनीत सोबत न्या. चौदा ओळी आहेत, दोन मिनिटं लागतील.